वार्धक्यातील स्मृतिभ्रंश: नवे निदान, नवी औषधे आणि आपला सीमाभाग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत वयस्कर माणूस तेच तेच विचारू लागला, की ‘वय झालं, आता चालायचंच’ असे म्हणून विषय संपवला जातो. काही घरांत त्याला म्हातारचळ म्हणतात, तर काही घरांत सुनेवर पैसे चोरल्याचा आळ येतो आणि त्यावरून महिनोन्महिने अबोला राहतो. डॉक्टरांकडे जाण्याचा विचार बहुधा माणूस रस्ता चुकून भलत्याच गावच्या थांब्यावर सापडल्यानंतर होतो, आणि तोवर पहिल्या खुणा दिसून दोन-तीन वर्षे उलटलेली असतात. या आजारांच्या निदानात आणि उपचारांत अलीकडे जे बदल झाले, त्यांचा खरा उपयोग याच सुरुवातीच्या काळात होतो. त्यामुळे नव्या रक्तचाचण्या आणि नवी औषधे कोणती, हे जाणून घेण्याइतकेच ती पहिली वर्षे हातची का जातात हे समजून घेणे आपल्या भागासाठी महत्त्वाचे आहे.

नेमके काय बिघडते

स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो, एकच एक आजार नाही. स्मरण, भाषा, दिशांचे भान, हिशेब आणि निर्णय या क्षमता इतक्या खालावतात की माणसाला रोजचे व्यवहार एकट्याने पार पाडता येत नाहीत, त्या अवस्थेचे हे नाव आहे. ती अवस्था आणणारे आजार अनेक असून त्यांत अल्झायमर सर्वाधिक आढळतो. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका स्त्री रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले, पेशींच्या बाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आतील तंतूंचे गुंते, तेच आजही या आजाराचे लक्षण मानले जाते. बाहेर साचणाऱ्या प्रथिनाला अमायलॉइड म्हणतात आणि आतल्या गुंत्यांतील प्रथिनाला टाऊ. मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन किंवा लहान लहान झटके येऊन होणारा स्मृतिभ्रंश वेगळा असतो. आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे तपासलेच जात नाहीत, त्यामुळे या दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात नसलेली माणसे दिसतात, शरीर ताठर होते आणि भान एका दिवसात कमी-जास्त होते. आणखी एका प्रकारात स्मरण बराच काळ शाबूत राहते, पण स्वभाव आणि बोलणे आधी बदलते. म्हातारपणी यांपैकी दोन प्रकार एकत्र असणे अगदी नेहमीचे आहे.

या सगळ्यात एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. अल्झायमरमध्ये अमायलॉइड साचायला पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात झालेली असते. त्यानंतर एक मधली अवस्था येते, जिला सौम्य बौद्धिक घट म्हणतात. या अवस्थेत चाचणीत कमतरता दिसते, घरच्यांनाही काही खटकते, पण माणूस स्वतःचे व्यवहार अजून सांभाळत असतो. अशा सगळ्यांनाच पुढे स्मृतिभ्रंश होत नाही. काहीजण वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि काहींची स्थिती सुधारतेसुद्धा. नव्या निदानाचा आणि नव्या औषधांचा सगळा भर याच मधल्या अवस्थेवर आहे.

भारतातील आकडेवारी बराच काळ तुटपुंजी होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढील लोकांमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज दिला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांमध्ये अधिक आढळले. शाळेचे तोंड न पाहिलेली, आयुष्यभर शेतात राबलेली खेड्यातली आजी या तिन्ही गटांत बसते, आणि दवाखान्यात सगळ्यांत शेवटी आणली जाते तीही तीच.

वयोमानाचा विसर आणि आजाराचा विसर यांतला फरक घरातल्या माणसालाच आधी कळू शकतो. गणपत गल्लीत बाजाराला गेलेल्या माणसाने पाचपैकी एक वस्तू आणायची विसरली आणि घरी आल्यावर त्याला ती आठवली, तर त्यात काळजीचे कारण नाही. पण ज्या बाईने चाळीस वर्षे भाजी विकली तिला शंभराच्या नोटेतून किती परत द्यायचे हे कळेनासे झाले, किंवा जो माणूस तरुणपणापासून खानापूर-बेळगाव गाडीने जात-येत आला तो कुठे उतरायचे या विचाराने गोंधळू लागला, तर तपासणी करायलाच हवी. माणसाला पूर्वी जे सहज जमत होते त्यात घट झाली आहे का, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्या आजोबांशी तुलना करून त्याचे उत्तर मिळत नाही.

आधी बरे होण्याजोगे कारण शोधावे

नव्या चाचण्यांविषयी लिहिण्याआधी जुन्या आणि स्वस्त चाचण्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या तालुक्यांत सर्वाधिक फायदा त्यांतूनच होणार आहे. विस्मरण घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला अल्झायमर नसतो. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी झाले की स्मरण, चालण्याचा तोल आणि पायांची संवेदना या तिन्हींवर परिणाम होतो. माळकरी, जैन आणि लिंगायत घरांत आयुष्यभर शाकाहार असतो, त्यातच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी अनेक वर्षे चालू असेल तर ही कमतरता होण्याचा संभव आणखी वाढतो. थायरॉइडचे कार्य मंदावले की माणूस सुस्त आणि विसराळू होतो. जोडीदार गेल्यानंतर येणारे नैराश्य म्हातारपणी अनेकदा विसराच्या रूपातच प्रकट होते. रक्तातील सोडियम कमी झाल्यानेही गोंधळ उडतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे असे होऊ शकते. या सर्व गोष्टी साध्या रक्तचाचण्यांतून आणि डॉक्टरांनी नीट विचारपूस केल्याने कळतात.

औषधांच्या बाबतीत घरच्यांनी विशेष सावध राहावे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी, सर्दी-खाजेची सुस्ती आणणारी गोळी आणि लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली काही औषधे वृद्धांच्या बुद्धीवर ढगासारखी पसरतात. यांपैकी दोन-तीन एकदम चालू असतील तर निरोगी माणूसही भ्रमिष्ट वाटू लागतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बदलली की काही आठवड्यांत फरक दिसतो.

आणखी एक कारण सहज नजरेआड होते. न्हाणीघरात घसरून किंवा मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागतो, बाहेर जखम दिसत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस सुस्तावतो, बरळतो, चालताना एका बाजूला झुकतो. कवटीच्या आत हळूहळू साचलेल्या रक्ताने मेंदूवर दाब आल्यामुळे हे होऊ शकते. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने माणूस पूर्ववत होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना हा धोका जास्त असतो. याशिवाय, एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश समजू नये. त्यामागे बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा औषधाचा दुष्परिणाम असतो. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

चाचणी कोणत्या भाषेत

बुद्धीची पहिली चाचणी कागद, पेन्सिल आणि प्रश्न यांनीच होते. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी तीस गुणांची एक चाचणी आहे, आणि २००५ मध्ये माँट्रियलमध्ये तयार झालेली मोका ही चाचणी सौम्य घट पकडण्यात तिच्यापेक्षा अधिक तीक्ष्ण मानली जाते. दोन्हींत तारीख, वार, ठिकाण विचारतात, काही शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, शंभरातून सात-सात वजा करत जायला लावतात आणि आकृती काढून घेतात.

घड्याळ काढण्याची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्णाला कोऱ्या कागदावर घड्याळाची तबकडी काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. वर्तुळ होते, आकडे लिहिले जातात, लहान काटा अकराकडे जातो. मोठा काटा दोनवर न्यायचा असतो, पण मनात ‘दहा’ हा शब्द घुमत राहतो आणि काटा दहाच्या आकड्यावर जाऊन थांबतो. ऐकलेल्या शब्दाचा मोह आवरून त्याचा घड्याळाच्या भाषेत अर्थ लावणे हे मेंदूच्या पुढच्या भागाचे काम आहे, आणि ते काम अडखळते आहे हे त्या एका रेघेत दिसते. काहींचे सगळे आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागातच गोळा होतात, तर काहीजण काट्यांऐवजी ‘११:१०’ असे लिहून कागद परत देतात. पाच मिनिटांच्या या चित्रातून जाणत्या डॉक्टरांना बरेच काही कळते.

पण जिच्या हातात पेन्सिल कधी आलीच नाही अशा बाईला घड्याळ काढायला सांगून तिच्या बुद्धीविषयी काहीच सिद्ध होत नाही. ही अडचण ओळखून भारतात १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार झाली, तिच्यात लिहिण्या-वाचण्याऐवजी तोंडी आणि कृतीचे प्रश्न होते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रमाणित चाचण्यांचा जो संच तयार केला तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. मोकाची मराठी आवृत्तीही आहे.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. बेळगाव तालुक्यातील किंवा खानापूरच्या पश्चिमेकडील मराठी वृद्धाला बाजारापुरती कन्नड येते, पण आठवण, हिशेब आणि देवाची नावे त्याच्या मनात मराठीत असतात. रुग्णालयातील तपासनीस कन्नड किंवा इंग्रजी बोलणारा असला आणि शब्द-स्मरणाची चाचणी कन्नडमध्ये झाली, तर गुण कमी येतात आणि निरोगी माणसावर आजाराचा शिक्का बसू शकतो. याच्या उलटही घडते. सोबत आलेला मुलगा दुभाषा म्हणून प्रश्न मराठीत सांगताना नकळत उत्तराकडे बोट दाखवतो आणि खरा आजार झाकला जातो. ‘आपण कोणत्या राज्यात आहोत’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक चाचणीत असतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मुंबई राज्यात मराठी शाळेत शिकलेला, सीमाप्रश्नाच्या लढ्यात वय घालवलेला माणूस त्याला ‘महाराष्ट्र’ असे उत्तर देऊ शकतो. ते उत्तर विस्मरणाचे आहे की श्रद्धेचे, हे एक प्रश्न अधिक विचारल्याशिवाय ठरवता येत नाही आणि त्यावरून गुण कापणे अन्यायाचे ठरेल. म्हणून रुग्णाची मातृभाषा, त्याचे शिक्षण आणि त्याचा व्यवसाय या तीन गोष्टी चाचणीपूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात आणि चाचणी मराठीतच व्हावी असा आग्रह नम्रपणे पण ठामपणे धरावा. रुग्णाच्या योग्य निदानासाठी तो आग्रह आवश्यक आहे.

भाषेच्या या सरमिसळीतून आपल्या बाजूची एक गोष्टही निघते. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले, आणि निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक टिकून होता. दोन भाषांत सतत ये-जा करताना मेंदूला एक भाषा दाबून दुसरी वापरावी लागते आणि त्यातून त्याची राखीव क्षमता वाढत असावी, असा त्यामागील विचार आहे. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे आणि इतर ठिकाणच्या सगळ्याच अभ्यासांत असा फायदा आढळलेला नाही, त्यामुळे त्याचा अर्थ मर्यादेत घ्यावा. तरीही घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या लोकांच्या अगदी जवळचा असा हा अभ्यास आहे.

रक्ताच्या थेंबातून निदान

मेंदूत अमायलॉइड आहे की नाही हे जिवंत माणसात पाहण्याचे आजवर दोन मार्ग होते. एक म्हणजे विशिष्ट रसायन टोचून केलेला पेट स्कॅन, जो फार महाग आहे आणि मोजक्या शहरांतच होतो. दुसरा म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासणे, ज्याला लोक घाबरतात. गेल्या काही वर्षांत रक्तातील पी-टाऊ २१७ या घटकाची अत्यंत सूक्ष्म मोजणी शक्य झाली. मेंदूत अमायलॉइड साचू लागले की टाऊ प्रथिनाचे हे बदललेले रूप रक्तात वाढते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांच्या प्रमाणावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ही मान्यता ५५ वर्षे वा त्यापुढील, लक्षणे असलेल्या आणि विशेषज्ञांकडे तपासणी चालू असलेल्या रुग्णांपुरती आहे.

या चाचणीने किती फरक पडतो हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासातून कळते. स्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या १,२१३ रुग्णांमध्ये प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांचे अल्झायमरविषयीचे अनुमान ६१ टक्के वेळा बरोबर ठरले, विशेषज्ञांचे ७३ टक्के वेळा, आणि रक्तचाचणीचे सुमारे ९१ टक्के वेळा. म्हणजे चांगल्या सोयी असलेल्या देशातही नुसत्या अनुभवावर केलेले निदान वरचेवर चुकते.

तरीही या चाचणीकडे मधुमेहाच्या तपासणीसारखे पाहू नये. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाने हौसेने ती करून घेणे तज्ज्ञ आज योग्य मानत नाहीत. सत्तरी-ऐंशीतल्या अनेकांच्या मेंदूत अमायलॉइड असते आणि तरी ते अखेरपर्यंत स्वतःचा व्यवहार नीट करतात, त्यामुळे अशा अहवालातून उपचार हाती लागत नाही, धास्ती मात्र लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांमध्ये आकडा वाढलेला दिसू शकतो. काही अहवाल मधल्या, संदिग्ध पट्ट्यात येतात आणि त्यांना पुन्हा पेट स्कॅन किंवा मणक्यातील पाण्याच्या तपासणीचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय चाचणी अमायलॉइड असल्याचे सांगते, विसर त्याच्यामुळेच आला आहे असे सांगत नाही. बी-१२ कमी असलेल्या माणसातही अमायलॉइड असू शकते. म्हणून आधी विचारपूस, मग भाषेला आणि शिक्षणाला साजेशी बुद्धीची चाचणी, मग साध्या रक्तचाचण्या आणि मेंदूचे चित्र, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तर ही चाचणी, असा क्रम ठेवावा.

याशिवाय बोलण्यातील विराम, शब्द शोधण्यास लागणारा वेळ, चालण्याची गती, संगणकाच्या पडद्यावर घड्याळ काढताना हाताची थबक यांवरून घट ओळखण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांतील बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांवर बेतलेले असल्याने मराठीसाठी ते नव्याने तपासावे लागतील.

औषधे: जुनी आणि नवी

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधे स्मरणासाठी लागणारे एक रसायन मेंदूत अधिक काळ टिकवतात. मेमँटिन हे चौथे औषध मध्यम आणि तीव्र अवस्थेत देतात. ती आपल्याकडे अनेक वर्षे मिळतात. त्यांनी आजार थांबत नाही, पण काही रुग्णांमध्ये काही काळ सावधपणा आणि व्यवहार सुधारतो किंवा टिकून राहतो. मळमळ, भूक मंदावणे आणि नाडी संथ होणे हे दुष्परिणाम असल्याने हृदयविकार असलेल्यांची तपासणी करूनच ती सुरू करावीत.

नवी औषधे वेगळ्या जातीची आहेत. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही शिरेतून द्यायची प्रतिपिंडे मेंदूतील अमायलॉइडला चिकटून ते काढून टाकतात. अमेरिकेत लेकानेमॅबला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. डोनानेमॅबला २०२५ मध्ये भारतातही परवानगी मिळाली. लेकानेमॅबची चाचणी १,७९५ रुग्णांवर अठरा महिने झाली. अठरा गुणांच्या मापनावर औषध न मिळालेल्यांची सरासरी घसरण १.६६ होती आणि औषध मिळालेल्यांची १.२१. म्हणजे घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही गट खालावलेच, फक्त एक थोडा हळू खालावला.

अमायलॉइड पूर्णपणे निघूनही स्मरण का परत येत नाही, असा प्रश्न घरचे विचारतात. पिकावर कीड पडून पाने झडल्यानंतर फवारणी केली तर कीड मरते, पण झडलेले पान पुन्हा फांदीला लागत नाही. मेलेल्या पेशींच्या बाबतीत तसेच होते. त्यामुळेच ही औषधे सौम्य घट किंवा अगदी प्रारंभीचा स्मृतिभ्रंश असलेल्यांनाच देतात आणि अमायलॉइड सिद्ध झाल्याशिवाय देत नाहीत.

त्यांचा धोकाही समजून घ्यावा. लेकानेमॅबच्या चाचणीत १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याचे चित्रात दिसले, डोनानेमॅबच्या चाचणीत हे प्रमाण २४ टक्के होते. बारीक रक्तस्रावही आढळले. बहुतेकांना त्याची जाणीव झाली नाही, पण काहींच्या जिवावर बेतले. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत हा धोका सर्वाधिक असतो, म्हणून आधी जनुकीय चाचणी आणि उपचारादरम्यान वारंवार एमआरआय करावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांना हा उपचार बहुधा टाळतात. दर पंधरा दिवसांनी किंवा दर महिन्याला शिरेतून औषध घेणे, त्यासाठी मोठ्या शहराला जाणे आणि दीड वर्ष हे चालवणे, हा भार निपाणीच्या एखाद्या कुटुंबाने नीट हिशेब करूनच उचलावा. हा संशोधनातील मोठा टप्पा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शेत विकून घ्यावे इतका लाभ या औषधातून आज मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि चूर्णांबद्दल मात्र फार लिहिण्याची गरज नाही. गिंको या वनस्पतीच्या अर्काची सुमारे तीन हजार वृद्धांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही असे त्यातून दिसले. मूलपेशींच्या उपचाराने अल्झायमर बरा करून देतो असे कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत.

रक्तदाब, कान आणि सोबत

लॅन्सेट या नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये असे मांडले की बदलता येण्याजोगे चौदा धोके आयुष्यभर हाताळले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, स्थूलपणा, हालचालीचा अभाव, नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा, हवेतील प्रदूषण आणि न सुधारलेली दृष्टी यांचा समावेश आहे.

यांपैकी रक्तदाबाबाबतचा पुरावा मला सर्वांत उपयोगी वाटतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांच्या अमेरिकी चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांमध्ये सौम्य बौद्धिक घट १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा कमी आढळली. इतका कमी रक्तदाब प्रत्येक वृद्धाला मानवत नाही, चक्कर येऊन पडण्याचे भय असते, म्हणून लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवावे. पण ‘डोकं दुखलं तरच गोळी घेतो’ ही आपल्याकडची सवय मेंदूला महाग पडते, हे निश्चित. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते.

कानांचेही तसेच. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून बाजूला पडतो, भजनाला जाणे सोडतो आणि कोपऱ्यात बसतो. २०२३ मधील एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना तीन वर्षे पाहिले. श्रवणयंत्राने सर्व गटात मिळून फरक दिसला नाही, पण हृदय-रक्तवाहिन्यांचे धोके अधिक असलेल्या वृद्धांमध्ये बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसणेही याच कारणाने चुकीचे आहे.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे सगळे एकत्र दोन वर्षे करून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि बुद्धीच्या चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला. अमेरिकेतील २,१११ लोकांच्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्यात ठरावीक वेळापत्रक आणि गटाची सोबत मिळालेल्यांनी स्वतःच्या मनाने करणाऱ्यांपेक्षा अधिक प्रगती केली. सकाळी एकत्र फिरायला जाणे, देवळातील हरिपाठ आणि महिला मंडळ यांत हालचाल आणि सोबत दोन्ही असतात, त्यामुळे त्यांना आरोग्याच्या नजरेनेही जपावे. निपाणी परिसरात तंबाखू हे उपजीविकेचे साधन आहे हे मान्य करूनही विडी ओढण्याचा मेंदूला होणारा तोटा सांगावाच लागेल.

कुठे जावे आणि काय न्यावे

कर्नाटक सरकार आणि बेंगळुरूची निम्हान्स संस्था यांनी २०२२ मध्ये मेंदू-आरोग्याचा एक उपक्रम सुरू केला. त्यातून आधी कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बेंगळुरूमध्ये आणि नंतर इतर जिल्हा रुग्णालयांत मेंदू-आरोग्य दवाखाने उघडण्याचे काम झाले. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. धारवाडची शासकीय मानसिक आरोग्य संस्थाही फार दूर नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ क्रमांकाच्या शासकीय दूरध्वनी सेवेत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते, आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. काळजी घेणारी सून किंवा लेक स्वतः थकली असेल तरी तिने या क्रमांकांवर बोलावे.

पहिल्या भेटीला जाताना रोज सोबत राहणारी व्यक्ती जावी, मुंबई-पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला मुलगा पुरेसा नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. कोणती गोष्ट प्रथम कधी चुकली हे सणवारांच्या आधाराने लिहून काढावे. ‘गेल्या गणपतीत नातवाचे नाव चुकले, दिवाळीत दिव्याचे तेल चुलीवर ठेवून विसरल्या’ अशा नोंदी डॉक्टरांना ‘खूप विसरते’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

निदान झाल्यावर एक काम लांबणीवर टाकू नये. भारतीय कायद्यानुसार लिहून देणाऱ्याची मनःस्थिती ढासळली की कुलमुखत्यारपत्र संपुष्टात येते, आणि मृत्युपत्रही सावध बुद्धीने केलेले असावे लागते. सीमाभागात अनेकांची जमीन बेळगाव तालुक्यात आणि घर चंदगडला, अशी दोन राज्यांत विभागलेली असते. कर्नाटकातील उतारे आणि दस्त कन्नडमध्ये असतात. ज्या आजोबांचे शिक्षण मराठीत झाले त्यांना तो मजकूर वाचता येत नाही. म्हणून आजार प्रारंभीच्या अवस्थेत असतानाच बँकेत वारसाची नोंद करावी, मृत्युपत्र करावे, आणि सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी कन्नड दस्तातील प्रत्येक ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवावी. ते समजून सही करत आहेत असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच तारखेचे घेऊन दस्तासोबत जोडावे.